यंत्र थांबलेलं असताना

कॉम्प्रेसरचं गॅस सील गळायला लागलं की पहिला फोन सील बनवणाऱ्या कंपनीला जातो. नवी कार्ट्रिज, म्हणजे सीलचा अख्खा जुळवलेला संच, कधी मिळेल, जुनी दुरुस्त होईल का, तुमचा माणूस कधी येतोय? हे प्रश्न विचारायलाच हवेत, पण सगळ्यात आधी नव्हेत. सील स्वतःच्या दोषाने क्वचितच बिघडतं. त्याच्यापर्यंत काहीतरी पोहोचतं आणि ते बिघडतं. ते बहुतेकदा यंत्र पूर्ण वेगात फिरत असताना पोहोचत नाही, थांबलेलं असताना पोहोचतं. फिरत्या यंत्रांच्या देखभालीत माझं सगळं काम झालं आणि त्या कामातून ही एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे.

आधी त्या सीलबद्दल सांगते, कारण त्याची रचना समजली की त्याचं दुखणं निम्मं समजतं. आणि खरं सांगायचं तर मला त्याबद्दल बोलायला आवडतं.

उच्च दाबाच्या सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरमध्ये शाफ्ट केसिंगमधून, म्हणजे यंत्राच्या बाहेरच्या कवचातून, बाहेर येतो, तिथे आतला गॅस रोखायचा असतो. शाफ्ट मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेतोय, आत कित्येक बारचा दाब आहे, बाहेर साधी हवा आहे आणि गॅस बहुधा ज्वलनशील, कधी विषारीसुद्धा. पूर्वी हे काम तेल करायचं. गॅसपेक्षा किंचित जास्त दाबाचं तेल बुशमध्ये सोडायचं, त्यासाठी उंचावर टाकी, पंप, वायूने खराब झालेलं तेल साफ करायची वेगळी यंत्रणा असा सगळा संसार असायचा, आणि तरी थोडं तेल गॅसमध्ये जायचंच. १९७०च्या दशकात ड्राय गॅस सील प्रत्यक्ष कॉम्प्रेसरमध्ये बसू लागलं आणि पुढच्या काही दशकांत तो संसार आवरला गेला.

ड्राय गॅस सील म्हणजे समोरासमोर बसलेल्या दोन चकत्या. एक शाफ्टबरोबर फिरते, ती टंगस्टन कार्बाइड किंवा सिलिकॉन कार्बाइडची असते. दुसरी फिरत नाही, पण पुढेमागे सरकू शकते. ती बहुधा कार्बनची किंवा लेप दिलेल्या सिलिकॉन कार्बाइडची असते आणि तिच्या पाठीशी स्प्रिंगा असतात. फिरत्या चकतीवर सर्पिल खाचा कोरलेल्या असतात, त्यांची खोली काही मायक्रॉन. शाफ्ट फिरू लागला की बाहेरच्या कडेचा गॅस या खाचांत ओढला जातो आणि आत ढकलला जातो. खाच संपते तिथे पुढे सपाट पट्टी असते. तिथे गॅस अडतो, दाबला जातो आणि त्या दाबाने दोन्ही चकत्या एकमेकींपासून सुटतात. फट राहते ३ ते ५ मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. २०० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला १२,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सव्वाशे मीटर होतो. इतक्या वेगाने धावणारा पृष्ठभाग आणि इतकी फट, आणि तरी दोघं एकमेकांना शिवत नाहीत.

यातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे ही फट स्वतःला सावरते. चकत्या जवळ आल्या की मधल्या गॅसचा दाब झपाट्याने वाढतो आणि त्यांना दूर ढकलतो. दूर गेल्या की दाब उतरतो आणि स्प्रिंगा व मागचा गॅस त्यांना परत आणतात. बाहेरून कुणी काही करत नाही. मात्र या सावरण्याला एकच अट आहे: मध्ये फक्त गॅस हवा, तोही स्वच्छ आणि कोरडा.

फटीत थेंबभर द्रव आला, तर काय होतं? द्रवाची चिकटाई गॅसच्या कितीतरी पट असते. सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे धावणाऱ्या चकतीखाली तो घासला की जागच्या जागी उष्णता तयार होते, थेंब फुटून वाफ होतो, एका बाजूचा पृष्ठभाग तापतो, दुसरी बाजू तशीच राहते. चकत्यांची सपाटी तपासतात ती प्रकाशाच्या पट्ट्यांनी, आणि एक पट्टी म्हणजे जेमतेम ०.२९ मायक्रॉन. अशा पृष्ठभागाला तापमानाचा एवढासा तिढासुद्धा पुरेसा होतो. आणि हे बहुतेकदा यंत्र सुरू होताना घडतं, म्हणून सगळे म्हणतात, सुरू करताना सील गेलं. पण तो थेंब तिथे आला कधी?

मला हे नीट उमगलं ते एका गॅस कॉम्प्रेसरमुळे. कुठला, कुणाचा, ते महत्त्वाचं नाही. तिथे दर वेळी यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं की प्रायमरी व्हेंटचा, म्हणजे सीलमधून गळलेला गॅस बाहेर नेणाऱ्या नळीचा, प्रवाह आधीपेक्षा थोडा वर जाऊन बसायचा. चालू असताना स्थिर राहायचा, बंद होऊन सुरू झालं की पुन्हा एक पायरी वर. सील बदललं. नव्या सीलनेही तेच केलं. सील कंपनीवर नाराजी वाढत होती, बैठकांमध्ये आवाज चढत होते. सगळे जण चालू यंत्राचे ट्रेंड छापून आणायचे. बंद असतानाचे तास कुणी छापतच नव्हतं, कारण त्या रेषा सपाट दिसतात आणि सपाट रेषेत काय बघायचं? तिथल्या एका ज्येष्ठ ऑपरेटरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, मशीन थांबलं की सील गॅसचा फ्लो शून्य होतो, ते बघा एकदा. केसिंग मात्र भरलेलंच असतं.” सगळं उत्तर त्या दोन वाक्यांत होतं.

ते कसं, हे थोडं तपशिलात सांगायला हवं. चालू यंत्रात सीलला स्वच्छ गॅस पुरवला जातो. तो कॉम्प्रेसरच्याच डिस्चार्जमधून, म्हणजे दाबलेला गॅस बाहेर पडतो त्या बाजूने, घेतात, कारण तिथे दाब सगळ्यात जास्त. तो फिल्टरमधून गाळून, कंट्रोल व्हॉल्व्हमधून सीलच्या तोंडाशी सोडतात. तिथे आतल्या प्रोसेस गॅसपेक्षा त्याचा दाब थोडा जास्त ठेवला की बराचसा सील गॅस लॅबिरिंथमधून, म्हणजे शाफ्टभोवतीच्या दातेरी अडसरातून, यंत्राच्या आत वाहतो, थोडासा चकत्यांच्या फटीतून व्हेंटला जातो आणि आतला अस्वच्छ गॅस सीलपर्यंत येऊच शकत नाही. दोन्ही टोकांच्या सीलना सोसावा लागतो तो जवळपास सक्शनचा, म्हणजे गॅस आत येतो त्या बाजूचा, दाब, कारण बॅलन्स लाइन नावाची नळी डिस्चार्जकडच्या टोकालाही सक्शनशी जोडून देते. नव्या मुलांना याचं नेहमी आश्चर्य वाटतं.

आता यंत्र ट्रिप झालं, म्हणजे अचानक आपोआप बंद पडलं, समजा. डिस्चार्ज आणि सक्शन एकमेकांत मिसळतात आणि सगळं केसिंग एका मधल्या दाबावर स्थिरावतं. त्याला सेटल-आउट म्हणतात. हा दाब सक्शनच्या दाबापेक्षा जास्त असतो. म्हणजे चालू असताना सीलवर होता त्याहून अधिक भार आता त्याच्यावर आला. आणि त्याच क्षणी डिस्चार्ज आणि सक्शन यांच्यातला फरक संपल्यामुळे स्वच्छ गॅस पुढे ढकलायला जोरच उरला नाही. चकत्यांमधली गळती मात्र थांबत नाही. थांबलेल्या सीलमधूनही थोडा गॅस जातच असतो. मग तो येतो कुठून? थेट केसिंगमधून. न गाळलेला, न तापवलेला, पाइपमधली धूळ आणि गंज घेऊन आलेला.

त्यात थंडी. दाबातला गॅस अरुंद जागेतून कमी दाबाकडे गेला की बहुतेक वायू थंड होतात. जूल आणि थॉमसन यांनी १८५२मध्ये हा परिणाम प्रयोगाने दाखवला. नैसर्गिक वायूत ढोबळमानाने दर बारमागे अर्धा अंश सेल्सिअस उतरतो. साठ-सत्तर बारवरून व्हेंटच्या दाबापर्यंत येताना तीसेक अंश सहज गेले. यंत्र थांबल्यामुळे पाइप आधीच गार झालेले असतात. त्या गॅसमध्ये जड हायड्रोकार्बन असतील, तर ते नेमके चकत्यांच्या फटीत आणि खाचांत द्रव होऊन बसतात. तास दोन तास नव्हे, कधी कधी दोन-दोन दिवस. नंतर यंत्र सुरू करायचा आदेश येतो.

हायड्रोजनचं उलट आहे, नेहमीच्या तापमानाला तो प्रसरण पावताना किंचित तापतो. म्हणून रिफायनरीतल्या रिसायकल गॅसच्या यंत्रात वेगळा शत्रू शोधावा लागतो: गॅस धुवायला वापरलेलं आणि वरून वाहून आलेलं अमाइन किंवा अमोनियम क्लोराइडचे क्षार. पण वाट तीच असते. स्वच्छ गॅस थांबला की घाण आत येते.

त्या कॉम्प्रेसरवर आम्ही काय केलं, तर सील गॅसचा सगळा प्रवास कागदावर मांडला. फिल्टरवर किती दाब पडतो, कंट्रोल व्हॉल्व्हवर किती, ओरिफिसवर (प्रवाह आवरणाऱ्या बारीक भोकावर) किती आणि शेवटी चकत्यांवर किती. प्रत्येक टप्प्याचं तापमान काढून त्या गॅसच्या दवबिंदूच्या रेषेशेजारी ठेवलं. दवबिंदूपेक्षा निदान २० अंश सेल्सिअस वर राहायचं, असा या क्षेत्राचा दंडक आहे. डिझाइनच्या कागदांत तो पाळलेला होता. पण तो हिशेब यंत्र उभारतानाच्या गॅसवर केलेला होता, आणि दरम्यानच्या वर्षांत गॅस जड झाला होता. ताजा नमुना काढून हिशेब पुन्हा केल्यावर आमची रेषा दवबिंदूच्या रेषेला छेदून पलीकडे गेली. त्यानंतर हीटर आला, पाइपांवर त्यांना गरम ठेवणारं हीट ट्रेसिंग आलं आणि यंत्र थांबल्यावर सील गॅसला जोर देणारा छोटा बूस्टर आला. सीलच्या डिझाइनमध्ये एक रेघही बदलली नाही. पायऱ्या चढणं थांबलं.

गॅसचा नमुना किती वर्षांपूर्वीचा आहे, हा प्रश्न तेव्हापासून मी सगळ्यात आधी विचारते.

व्हेंटचे आकडे वाचण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यात माणसं सर्रास फसतात. ज्वलनशील गॅससाठी सहसा दोन सील एकामागे एक बसवतात. पहिलं जवळपास सगळा दाब सोसतं, त्याची गळती प्रायमरी व्हेंटमधून फ्लेअरला, म्हणजे गॅस जाळून टाकणाऱ्या चिमणीला, जाते. दुसरं राखीव असतं. प्रायमरी व्हेंटचा प्रवाह वाढला की सगळे सावध होतात, अलार्म वाजतो, ट्रिपची पातळी ठरलेली असते. पण तोच प्रवाह कमी झाला तर? कंट्रोल रूममध्ये समाधान पसरतं, गळती कमी झाली! खरं तर दोन सीलच्या मधल्या लॅबिरिंथमध्ये नायट्रोजन सोडत नसाल, तर प्रायमरी व्हेंटला जातो तो पहिल्या सीलमधून आलेला गॅस, वजा दुसऱ्या सीलमधून पुढे गेलेला. म्हणजे तो आकडा घसरतोय याचा अर्थ दुसरं, राखीव सील गळतंय असाही होतो. म्हणून व्हेंटवर कमी प्रवाहाचा अलार्मही हवा, आणि तो हवा की नको यावर मी आजवर बरीच भांडले आहे. ज्या सीलवर काहीच भार नसतो, त्याची तब्येत कुणी विचारत नाही. पहिलं सील फुटलं की सगळा दाब एका झटक्यात त्याच राखीव सीलवर येतो आणि त्याच्या मागे तिसरं काही नसतं.

लॅबिरिंथबद्दलही थोडं. सील गॅस आत ढकलताना लॅबिरिंथच्या फटीतून त्याचा वेग सेकंदाला ५ मीटरच्या वर ठेवतात, म्हणजे आतला गॅस उलट येत नाही. रोटर कधीतरी कंपनात घासला की लॅबिरिंथचे दात झिजतात आणि फट मोठी होते. प्रवाहावर नियंत्रण असेल, तर आकडा तोच दिसतो, पण मोठ्या फटीतून वेग मात्र उतरलेला असतो. पॅनेलवर सगळं हिरवं आणि सीलपाशी धूळ, असा प्रकार होतो. फरकाच्या दाबावर नियंत्रण असेल, तर उलट चित्र: गॅस जास्त लागायला लागतो आणि कुणाला तो वाया जाणारा खर्च वाटतो. तो खर्च नाही, यंत्र तुम्हाला लॅबिरिंथची हालत सांगतंय.

दुसऱ्या बाजूने येतं ते तेल. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये सेपरेशन सील असतं, त्यात नायट्रोजन सोडतात, म्हणजे बेअरिंगचं वंगणाचं तेल (ल्यूब ऑइल) शाफ्टवरून सरकत गॅस सीलपर्यंत येत नाही. इथे नियम साधा आहे: आधी नायट्रोजन, मग ल्यूब ऑइल. बंद करताना आधी ल्यूब ऑइल, ते पूर्ण ओसरल्यावरच नायट्रोजन. चालू यंत्रात हा क्रम इंटरलॉक, म्हणजे चुकीचं पाऊल आपोआप रोखणारी यंत्रणा, सांभाळते. पण दुरुस्तीच्या बंदमध्ये कुणीतरी बेअरिंग तपासायला तासाभरासाठी तेलाचा पंप लावतो, नायट्रोजन तिकडे युटिलिटीवाल्यांनी बंद केलेला असतो, आणि यंत्र एक फेराही न घेता सीलमध्ये तेल शिरतं. पुन्हा तेच, थांबलेलं यंत्र. याची तपासणी काही खर्चाची नाही. सेकंडरी व्हेंटच्या, म्हणजे दुसऱ्या सीलच्या व्हेंटच्या, तळाचा ड्रेन परमिट घेऊन नियमित उघडायचा. तिथे तेल मिळालं तर उत्तर मिळालं.

उलट्या फेऱ्यांचंही असंच. गॅस उलटा येऊ न देणारा डिस्चार्जचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर थांबलेलं यंत्र उलटं फिरतं आणि एकाच दिशेसाठी कोरलेल्या खाचा तेव्हा गॅस आत ओढायच्या ऐवजी बाहेर फेकतात. दोन्ही दिशांना चालणाऱ्या खाचाही असतात, पण त्यांनी बनणारा गॅसचा थर तितका ताठ नसतो. कुठलं घ्यायचं हे यंत्रावर ठरतं. त्यावर जास्त बोलत नाही.

यापेक्षा जास्त बोलावंसं वाटतं ते उघडलेल्या सीलबद्दल. कार्ट्रिज बाहेर काढली की तिथला फिटर सवयीने, कामाच्या प्रेमाने, पहिल्यांदा फडकं घेतो. मी हात धरते. पुसू नका. आधी फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, प्रत्येक भागाची जागा आणि फिरण्याची दिशा लिहून. खाचांतली काळी भुकटी पिशवीत भरा, चिठ्ठी लावा, प्रयोगशाळेत पाठवा. ती लोखंडाचा गंज आहे, गंधक आहे, क्षार आहे की चकतीचा स्वतःचाच कार्बन, यावर पुढची सगळी दिशा ठरते. बाहेरच्या कडेला घासल्याच्या खुणा असतील तर एक कारण, आतल्या कडेला असतील तर दुसरं. दुसऱ्या सीलवर तपकिरी, वाळलेला थर असेल तर बेअरिंगकडे बघा. चकतीवर किरणांसारख्या बारीक भेगा असतील, तर ती कोरडी घासून तापली होती. ओ-रिंगवर फोड असतील, तर केसिंगचा दाब फार घाईने सोडला गेलाय. दाबाखाली रबरात मुरलेला गॅस बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, म्हणून त्याने रबरच फाडलं. हे शेवटचंही बंद करतानाच घडलेलं असतं. फडक्याच्या एका फटक्यात हा सगळा पुरावा जातो, आणि मग अहवालात “अशुद्धीमुळे बिघाड” एवढे दोन शब्द उरतात. त्या शब्दांनी पुढचं सील वाचत नाही.

एक दुखणं मात्र असं आहे की उघडल्यावर जवळजवळ काहीच दिसत नाही. सुरू झाल्यावर यंत्र तापतं, रोटर लांबतो, आणि स्थिर चकतीला त्याच्या मागे सरकावं लागतं. तिच्या पाठीशी जे छोटं पॉलिमरचं किंवा रबराचं सील असतं, तिथे चिकट मळ बसला की ती सरकतच नाही, अडकते. फट उघडी राहते, व्हेंटचा आकडा एकदम चढतो आणि तिथेच राहतो. मग कधी लोड बदलल्यावर अचानक सुटते आणि आकडा खाली येतो. लोक म्हणतात, ट्रान्समीटर बिघडला असेल. असा चढून परत उतरलेला आकडा मी कधीही ट्रान्समीटरच्या खात्यावर टाकत नाही. त्या चकतीच्या मागे मळ आहे, आणि तोही गॅसबरोबरच आलाय.

२०१८मध्ये एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ६९२ हे मानक आलं, फक्त ड्राय गॅस सील आणि त्यांच्या यंत्रणेसाठी. त्याआधी हा विषय एपीआय ६१४मध्ये, ल्यूब ऑइलच्या शेजारी, एका भागात बसवलेला होता. सीलइतकंच त्याच्या पुरवठ्याकडे बघायला हवं, हे त्यात ठसठशीतपणे आलंय याचं मला समाधान आहे. पण मानक नव्या यंत्रांना मदत करतं. जुनी यंत्रं अजून जुन्याच पॅनेलवर चालतात, आणि त्यांच्या बंदच्या तासांत काय करायचं हे तिथल्या माणसांनीच ठरवावं लागतं.

आणि ते ठरवणं सोपं नाही. दाब ठेवून उभं करायचं तर बूस्टर चालता ठेवावा लागतो. बूस्टर हे स्वतःच एक यंत्र आहे, त्यालाही सील आहेत, आणि हवेवर चालणारे छोटे पिस्टन बूस्टर सलग कित्येक दिवस चालवण्यासाठी नसतात. दाब सोडून द्यायचा तर केसिंगभर गॅस फ्लेअरला जातो आणि सुरू करताना पुन्हा भरण्यात वेळ जातो. उत्पादनाला पहिला मार्ग हवा असतो, देखभालीला दुसरा. माझं मत विचाराल तर बूस्टर चालू नसेल आणि दुसरीकडून स्वच्छ गॅस मिळत नसेल, तर दाबाखाली उभं ठेवायची मुदत तासांत लिहून ठेवा, उत्पादन आणि देखभाल दोघांच्या सह्यांनी, आणि मुदत संपली की रात्रीच्या शिफ्टला कुणाला फोन न करता दाब हळूहळू उतरवायची मुभा द्या. लॉगबुकमध्ये बंदच्या काळासाठीही चार रकाने ठेवा: केसिंगचा दाब, सील गॅसचा प्रवाह, त्याचं तापमान, नायट्रोजन चालू की बंद. पुढच्या वेळी सील गळलं की सील कंपनीच्या माणसाला कार्ट्रिज दाखवायच्या आधी ती पानं दाखवा.